हातचे बावीस

हाउकीयार्वी तळ्याला एक फेरी मारली
की बेचाळीस किलोमीटर भरतात.
वरचे एकशे पंच्याण्णव मीटर
चर्चच्या आवारात, कबरींना वळसा घालून.

एकविसाव्या किलोमीटरला, स्प्रूसच्या सावलीत, एक टेबल.
त्यावर ब्लूबेरीचं कोमट सरबत,
खारवलेल्या काकडीच्या फोडी,
आणि टेबलामागे आउने,
कानावर पेन्सिल, हातात दुधाच्या खोक्याचा पुठ्ठा.

वाल्तो किती वाजता पोचेल
हे तिला कौतुकासाठी नको असतं.
सौना तापायला दोन तास लागतात.
लवकर पेटवली तर बर्चची लाकडं फुकट.
उशिरा पेटवली तर नवरा गारठणार,
आणि गारठलेला वाल्तो फार बोलतो.

शेजारची पिल्वी मोबाइल पुढे करते.
नऊला सुटले, अकरा सव्वीसला इथं,
म्हणजे चार तास बावन्न. आलं की उत्तर!
आउने म्हणते, दुप्पट काय,
दुसरीतलं पोरही करतं.
या रस्त्याचा दुसरा अर्धा
पहिल्याहून लांब आहे,
फीत लावून मोजलास तरी.
तिकडे डेअरीचा चढ आहे,
तेहतिसाव्यानंतर नुसती खडी आहे,
आणि केर्त्तूच्या फाटकाशी कॉफीचा वास.

म्हणून ती हातचे धरते.
तो तिशीत होता तेव्हा हातचे चार.
पाठ धरली त्या साली अकरा.
गेल्या वर्षी अर्धं अंतर अडीच तासांत,
त्याचे पाच, वर हातचे बावीस.
मिनिटाचा फरक नाही.
इकडे दगड तापले, तिकडे दारात वाल्तो.

यंदा मात्र तो हसत आला.
"चार मिनिटं पुढे आहे!"
काकडीची फोड गालात, मीठ दाढीवर,
आणि गेलासुद्धा,
विशीतल्या पोरासारखा, मागे न बघता.

आउनेनं पेन्सिल काढली.
पुढे कसला?
दुपारच्या वाल्तोकडून
सकाळच्या वाल्तोनं उसनी आणलीत चार मिनिटं,
आणि दुपारचा वाल्तो सावकार आहे,
दामदुपटीनं वसूल करतो.
चार बावन्न. हातचे बावीस. दामदुपटीचे आठ.
पाच बावीस.
तिनं बेरीज खालून वर करून पाहिली.
गेल्या वर्षीचीच वेळ!
एवढं हसून माणूस पुन्हा तिथंच.

एक वाजता काडी ओढली.
दोन बावीसला चर्चकडे टाळ्या वाजल्या,
पण त्या दुसऱ्याच कुणासाठी.
तीनला ऐंशी अंश.
तिनं एक लाकूड घातलं. मग, उगाच, आणखी एक.

वाल्तो आला तो चालत,
बूट हातात, मोजे खिशात.
"पाच एकतीस. तू किती धरले होतेस?"
"पाच बावीस."
"मग नऊ कमी पडले."
"पाय धरले?"
"नाही. डेअरीच्या चढावर तो लाकडी ओटा आहे ना,
पूर्वी दुधाचे कॅन ठेवायचे, तिथं बसलो."
"नऊ मिनिटं?"
"ऊन होतं."

तिनं दगडांवर पळीभर पाणी टाकलं.
वाफेनं दोघांना मिळून झाकलं,
आणि बराच वेळ कुणी बोललं नाही.

रात्री पुठ्ठ्यावर, बावीसच्या खाली,
बारीक अक्षरात एक नवी ओळ:
उन्हाचे नऊ.
आणि कंसात,
पाऊस असल्यास धरू नयेत.