कागदाएवढा खेळ

उद्यमनगरात, भट्टीमागच्या गल्लीत,
पत्र्याच्या माळ्यावर माझा संगणक.
बरोब्बर खाली बाबालाल मुल्लाणींचं हॉबिंग मशीन.
ते दात पाडू लागलं की
माझा माउस टेबलावर आपोआप बोटभर सरकतो.

वडणग्याच्या गुऱ्हाळाचा चरक आहे.
दसरा उलटला की काहील चढणार,
त्याआधी गिअरबॉक्स हवा.

परवा सगळंच बांधून टाकलं होतं मी,
पृष्ठाला पृष्ठ, कोनाला कोन,
काही सुटायला नको म्हणून.
डावीकडच्या यादीत लाल खुणा उगवल्या
आणि चाक जागचं हलेना.
मग एकेक बंधन काढत गेले.
अक्षावर अक्ष ठेवला, खांदा टेकवला,
फिरणं तेवढं मोकळं सोडलं.

सतरा दातांचा पिनियन, अडुसष्टचं चाक.
गुणोत्तर लिहिलं: एकास चार.
पिनियन ओढला,
चाक उलट्या अंगानं फिरलं, संथ, शहाण्यासारखं.
खुर्चीत मागे रेलले.

आणि मग जवळ जाऊन पाहिलं.

दात दातांतून जात होते.
पोलाद पोलादातून,
ना ठिणगी ना करकर,
सावलीनं सावली ओलांडावी तसे.
मी त्यांना फक्त हिशेब सांगितला होता,
लोखंड म्हणजे काय
ते सांगायचं राहूनच गेलं.

चाचा वर आले. चष्म्याला दोरा,
हाताला कटिंग ऑइलचा वास.
पडद्याकडे बघितलं बराच वेळ.
"ह्यो दात कुठं बसलाय, ते आधी बघ की गं.
बसलाय म्हटल्यावर मग बांध."

खाली नेलं मला.
दुरुस्तीला आलेला जुना चरक उघडा पडला होता.
भाकरीच्या फडक्याखालचा पेपर घेतला त्यांनी,
दोन बोटं रुंद पट्टी फाडली,
दातांच्या तोंडाशी धरली,
आणि हातानं चाक फिरवलं.
पट्टी पलीकडून निघाली, चुण्या पडलेली.
"घडी पडाय पायजे. फाटली तर घट्ट,
सपाट आली तर ढिलं.
कागदाएवढा खेळ ठेवायचा मधी.
तेलाला जागा नको व्हय?"

जिन्यात पुन्हा थांबले.
"आनि अडुसष्ट कशाला? एकोणसत्तर कर.
न्हाईतर तोच दात त्याच दाताला
जल्मभर भेटत बसणार.
एकाची खोट, दुसऱ्याला खड्डा.
फिरू दे सगळ्यांत."

वर येऊन एक दात वाढवला.
दोनशे पंचावन्नचं अंतर दोनशे अठ्ठावन्न झालं,
पेटी फुगली, बोल्ट सरकले,
एकास चारची ती देखणी ओळ गेली,
तिच्या जागी एक दशांश, कुठंच न संपणारा.

मग पिनियनला साडेदहा अंशांहून किंचित जास्त वळवलं.
दात समोरच्या खाचेत उतरला.
तिथं एक तात्पुरतं बंधन घातलं, कोनाचं,
आणि ते जुळताक्षणीच निजवून टाकलं,
लग्न जमवून देऊन
पंगतीआधीच एसटी पकडणाऱ्या मामासारखं.
यादीत त्याचं नाव राहिलं, करड्या अक्षरांत.
आता गुणोत्तर. आता ओढून बघणं.

दात खाचेत, खाच दाताभोवती,
मध्ये केसभर उजेड.
पडद्यावर मोठं करत गेले
तर तो उजेडही मोठा होत गेला.

चाचांची पट्टी मॉनिटरच्या कडेला चिकटवली आहे.
बाजारभावाचा रकाना आहे तो:
गूळ, आवक, किमान, कमाल.
आकड्यांवरून दातांच्या घड्या गेल्यात,
काही भाव दुमडलेत,
फाटलेला एकही नाही.

सहा वाजले. खाली हॉब पुन्हा सुरू झाला.
माझं बोट बटणावरच होतं.
माउस सरकला,
आणि मी काही न करता
चाक एक दात पुढं गेलं.