चरका

“कसं व्हतं मंग ते गाव?”
लीलाधरकाका विचारतात, पऱ्हाट्यांच्या जाळात वांगी लोटताना.
बामणोदची वांगी, हिरवट, लांबोळी.
आमच्याकडे वांग्याचंही गाव सांगावं लागतं.

मी सांगतो : बुडापेस्ट. दोन रात्री, तीन दिवस.
आइंडहोवनहून पहाटेचं सगळ्यांत स्वस्त विमान,
पाठीवर एकच पिशवी, कारण दुसरीचे पैसे पडतात.
घरातले बाकीचे तिघे नाताळला आपापल्या आयांकडे गेले होते
आणि फ्रीजची घरघर फारच स्पष्ट ऐकू यायला लागली होती.
हे शेवटचं सांगत नाही.

नदी सांगतो. पात्र आपल्या तापीएवढंच असेल,
पण पाणी काठोकाठ, काळं.
पूल सांगतो, पिवळी ट्राम सांगतो,
पंचवीस तारखेला सगळं शहरच कसं बंद होतं,
दारं लावून माणसं आत कशी जेवत होती
आणि खिडक्यांच्या काचांवर त्यांच्या रश्शाची वाफ.

“अन् तू कुठी जेवला?” कुमुदकाकू.
पेट्रोल पंपावर, म्हणतो.
सगळे हसतात. मीही.

मग गरम पाण्याचं सांगतो.
उघड्यावर केवढा तरी हौद, वरून बर्फ भुरभुरतंय,
आणि छातीभर पाण्यात म्हातारे
बुद्धिबळ खेळतायत, डोक्यावर लोकरी टोप्या घालून.
“तिकीट?”
रुपयांत सांगतो.
जाळापाशी जरा वेळ कोणी बोलत नाही.
“एवढ्यात,” हेमराज म्हणतो, “आख्खी जीप उनपदेवले जाईन भो,
दिवसभर बस गोमुखाखाली, कोनी इचारत नाही.”

खरं आहे.
पण त्यांतला एक म्हातारा, मी पाण्यात उतरलो तेव्हा,
थोडा बाजूला सरकला होता.
मान न वळवता, हातातला उंट तसाच धरून.
तीन दिवसांत तेवढं एकच माणूस
माझ्यासाठी जागचं हललं होतं.

वांगी फुटायला लागतात. फडकं सापडत नाही.
मी खिशातून हातमोजा काढून देतो. काळा, लोकरीचा, एक.
“दुसरा?”
ट्राममध्ये राहिला.
“मंग हा एकटा कायले आनला एवढ्या दूर?”
मला उत्तर सुचत नाही. काकांना नकोही असतं.
डाव्या हाताचा मोजा ते उजव्यात चढवतात,
अंगठा भलतीकडे लोंबतो,
आणि निखाऱ्यांतून एकेक वांगं उचलून
ठेचायला बडगीत टाकत जातात.

केळीच्या पानावर भरीत, कळण्याच्या पुऱ्या, कांद्याची पात.
माझ्या पानात तिसऱ्यांदा वाढलं जातं,
पेट्रोल पंपाचं काकू विसरलेली नाही.

रात्री पारा सातावर उतरणार म्हणून
बांधाबांधाला ओला पाला पेटवून ठेवलाय.
धूर केळीच्या डोक्यांवरून हळूहळू पसरतो
कुणी झोपलेल्यावर गोधडी ओढावी तसा.
थंडीनं पान करपतं त्याला आम्ही चरका म्हणतो,
तव्यानं बोट पोळतं त्यालाही.
कशानं भाजलं, याची भाषेनं चौकशी केलेली नाही.

तीनच्या सुमाराला काका उठवतात, धूर बघायला चल.
हातात अजून तोच मोजा. त्याला वांग्याच्या सालीचा वास.
मोटारीजवळ एकच पोतं अंथरलेलं,
ते बसतात, मी उभाच.
बराच वेळ आम्ही पाल्याची चुरचुर ऐकतो.
रावेरकडून एक मालगाडी जाते, संपता संपत नाही.

“ते बुद्धिबळवाले बुढे,” काका म्हणतात,
धुरापासून तोंड वळवून पोत्यावर थोडं सरकत,
“जितलं कोन त्यायच्यातून?”

बघितलं नाही, मी सांगतो, बसत.
मी डोळे मिटून घेतले होते.