दहातून

हडर्सफील्डच्या लेझर सेंटरात, पोहण्याच्या तलावाच्या वर,
क्लोरीनचा वास जिना चढून येतो त्या खोलीत
मी जिम्नॅस्टिक्सचा पंच झालो.
झालो म्हणजे, क्लबला एक हवा होता.
पंच नाही तर संघ नाही, असा इथला नियम,
आणि बाकीचे सगळे आईबाप
ऐन वेळी बुटांच्या नाड्या बांधायला वाकले.

शिकवायला मॉरीन हॅगर्टी. वय अडुसष्ट, एक गुडघा नवा.
म्हणाल्या, प्रत्येक मुलगी दहा घेऊनच येते,
आपलं काम फक्त काढून घ्यायचं.
मी सांगलीच्या शाळेतला, अर्ध्या-अर्ध्या गुणासाठी
मास्तरांच्या टेबलाशी उभा राहिलेला.
कोणी आधीच सगळं देऊन ठेवतं,
हे पचायलाच एक अख्खा शनिवार गेला.

मग वजाबाकी.
गुडघा किंचित वाकला, एक दशांश. दिसण्याइतका वाकला, तीन.
उतरताना पाऊल सरकलं, एक. चांगलंच सरकलं, तीन.
बीमवरून पडली की पूर्ण एक,
आणि परत चढायला दहा सेकंद.
हातचा घ्यायची सोय नाही.

लिहायचं चिन्हांत, कागदाकडे न बघता.
मोडी लिहिणारे म्हणे हात उचलत नसत,
इथे मान खाली घालायची नाही.
आकडी, वळसा, तिरकी रेघ.
माझी सुरुवातीची पानं म्हणजे
मुंगी दौतीत पडून घरी चालत गेलेली.

पण डोळा तयार झाला. फारच.
शाल्मली सोफ्याच्या पाठीवर एका पायावर उभी,
मी फोडणीत मोहरी टाकता टाकता म्हणायचो, बोटं.
ती ताणायची.
पोस्टमन फाटकाशी अडखळला तरी
माझ्या मनात तीन दशांश.

वेकफील्डची स्पर्धा. आपल्या मुलीला गुण देता येत नाहीत,
म्हणून ती बीमवर आणि मी
तिच्याकडे पाठ करून फ्लोअरच्या टेबलाशी.
मागे मॅटवर धप्प झालं.
उतरण्याचा आवाज वेगळा असतो, पडण्याचा वेगळा.
समोर बार्न्सलीची एक मुलगी कोलांटीत होती.
मी वळलो नाही. मनात मोजत राहिलो,
चार, पाच, सहा,
आणि त्या बार्न्सलीच्या मुलीची एक उडी
लिहायची राहून गेली.

परतताना, एम बासष्टवर, वायपर चालू.
बाबा, मला आता नाही करायचं.
एकदा पडलीस म्हणून?
नाही. दिवाळीपासूनच.
आणि आता जून होता.

त्या आठ महिन्यांतला तिचा एकेक अंगठा मी पाहिला होता.
तक्त्यात चेहऱ्यासाठीही एक रकाना असतो, सगळ्यात शेवटी.
मला त्यातलं काही कळत नसे,
म्हणून मी तो कायम कोरा सोडायचो.
कोरा म्हणजे काहीच वजा नाही.

तिनं सोडलं. मी नाही सोडलं, का ते विचारू नका.
पेन्सिलींना टोक करून शनिवारी सातला निघतो,
मॉरीनबाईंसाठी आल्याच्या वड्या नेतो.
शाल्मली आता शनिवारी बेकरीत असते,
केसांत पीठ, खडूच्या पुडीसारखंच दिसतं.

परवा तिला घ्यायला गेलो.
फूटपाथच्या कडेला डबकं साचलेलं.
दोन पावलं धावून तिनं ते ओलांडलं,
हात वर केले, तसेच ठेवले,
पावाची पिशवी मनगटाला लोंबत,
आणि हसत विचारलं, किती?

पाय बघायचेच राहिले माझे.