गारा काढताना

चारच्या सुमारास वैजनाथाच्या डोंगरामागं आभाळ
रताळ्यासारखं झालं, सोललेल्या नव्हे, मातीसकटच्या.
हे वाक्य मनात पुरं व्हायच्या आत
पत्र्यावर पहिली गार पडली.

मग वीस मिनिटं फक्त पत्रा बोलला.

खिडकीतून पेरूखाली बघत होतो.
सातभाई एकाच फांदीवर, एकमेकांत माना खुपसून.
एरवी दिवसभर भांडणारे,
आता एक मळकी गोधडी.
दयाळ जळणाच्या ढिगात शिरला, शेपटी बाहेरच.
बुलबुलं कुठं गेली, दिसलं नाही.

लाईट गेली.
एकतीस वर्षं ती गेली की मी उठायचो,
शिडी, पक्कड, रबरी मोजे.
मोजे अजून खुंटीला आहेत, बोटं खाली करून.
बसून राहिलो.
बसून राहायलाही शिकावं लागतंय.

थांबलं तेव्हा अंगण पांढरं.
लिंबाएवढ्या म्हणणार नाही, आवळ्याएवढ्या.
खोरं घेतलं, घमेलं घेतलं, तेच मोजे चढवले;
खांबाशिवाय पहिल्यांदाच.

भिंतीपलीकडून कल्लव्वा ओरडली,
"आलिकल्ल बिद्दाव री!"
आणि मग मराठीत, "काढायलाय कशाला?
तासाभरात पाणी होतंय की त्याचं."
म्हटलं, "पाच वाजलेत."
तिला काय कळलं कोण जाणे, पण हसली नाही.

शेवंता हुबळीला, लेकीच्या बाळंतपणाला.
जाताना दोनच गोष्टी सांगून गेली :
गॅस बंद करा,
आणि पाचला पेरूखाली कण्या टाका.
माझा या पाखरांशी संबंध तारेपुरता.
कावळा चिकटला की गाव अंधारात,
आणि शिव्या मला.

पेरूखाली हातभर जागा साफ केली.
फाटकी पानं, कच्चे पेरू, गारा,
सगळं घमेल्यातून विहिरीकडं.
ओल्या मातीवर कण्या टाकल्या,
पायरीवर येऊन बसलो.

दयाळ आला, ढिगावरची एक गार टोचली,
चोच झटकली,
जणू कुणी फसवलंय त्याला.
एक बुलबुल आलं. एकच.
मग गोधडी उसवली, एकेक भाई खाली उतरला.
सहा.
परत मोजले. सहा.

खोरं ठेवून दिलं.
ओतलेल्या ढिगाशी जाऊन
हातानं गारा बाजूला करत बसलो,
मोजे काढून, बोटं बधिर होईस्तोवर.
काही नव्हतं. पानंच.

कल्लव्वा भिंतीवर हनुवटी टेकून बघत होती.
त्यांना कन्नडात काय म्हणतात, विचारलं.
"हरटेमल्ल," म्हणाली, गप्पा ठोकणारा मल्ल.
त्या नावात आकडा नाही.

कुणीतरी पोरगं खांबावर चढलं असणार,
साडेसातला लाईट आली.
विहिरीजवळ ढीग अजून पांढरा, बसत चाललेला.
रात्री शेवंताचा फोन येईल.
कण्या टाकल्या, एवढं सांगेन.