बटणाची जागा

बसच्या अ‍ॅपमधलं ते निळं बटण
ज्यानं कुणी ठेवलंय खाली, डाव्या कोपऱ्यात,
त्याला देवानं हात उलटे जोडून दिले असणार.
असं मी म्हणालो. मोठ्यानं.
त्रिस्तान नार्वाहाच्या रविवारच्या बाजारात
मी सगळं मोठ्यानंच म्हणतो,
कारण शेजारचा आल्सिदेस
लिंबं विकता विकता
माझ्याहून मोठा ओरडतो.

जुलै. नदीवरचा वारा कानात सुया घालतोय.
माझ्या चादरीवर सत्तावीस चार्जर,
त्यातले अकरा कशाचे, मलाच ठाऊक नाही.
कॅसेटचा एक प्लेअर,
जुने बटणांचे फोन, मटारासारखे ढिगानं.
आणि काखेत थर्मास असताना
त्याच थर्माससाठी मी सकाळपासून
सगळ्या बाजाराला वळसा घालून आलो.

मतं फुकट. चार्जरचे पैसे पडतील.

घडीचा फोन? घडी चादरीची घालावी.
हेडफोनचं भोक बुजवलं त्यांनी,
त्या रविवारी मी दुकान मांडलं नाही. सुतक.
क्लाउड, क्लाउड करतात.
आमच्या गल्लीत ढग आले की
माणसं वाळत घातलेलं आत घेतात.
अटी आणि शर्ती मी वाचतो. सगळ्या.
ग्रासिएला सोडून गेली, त्या कारणांत
हे वरून तिसरं.
ज्या वर्षी नळाला खारं पाणी आलं
आणि वरून सांगितलं, चालतंय, प्या,
त्या वर्षी मला कळलं
बीटा व्हर्जन कशाला म्हणतात.
आता म्हणे सर्व्हरनाही तहान लागते.
लागू दे.
बादली घेऊन रांगेत या म्हणावं.

मुलगी ऐकत होती. वय चोविसेक.
हातात शाळेनं दिलेला तो हिरवा-पांढरा लॅपटॉप,
सशासारखे दोन कान असलेला.
एक कान तुटका.
"डावा की उजवा?" मी विचारलं.
माझ्याकडे कानांचा डबा आहे.
डबा उपसताना तोंड चालूच,
पुन्हा बटणावर आलो.

"ते मी ठेवलंय," ती म्हणाली.

आल्सिदेससुद्धा गप्प झाला.

चार मीटिंगा झाल्या, तिनं सांगितलं.
तिनं मधोमध ठेवलं होतं.
पहिल्या मीटिंगमध्ये रंग बदलला,
दुसरीत कुणीतरी केक आणला होता,
तिसरीत काहीच झालं नाही,
चौथीत साहेबांनी स्वतःचा फोन काढला, दाबून पाहिलं,
म्हणाले, इथं. इथं बरं पडतं.
"डावखुरे आहेत," नोएलिया म्हणाली.

मी भोपळ्यात पानं भरली, पाणी ओतलं,
नळी तिच्याकडे वळवून दिली.
एक घोट घेतला तिनं.
"कोमट आहे."
म्हणजे मतं हिलाही होती.

कान बसला. वायर जोडली.
पडदा हो-नाही करत एकदाचा उजळला,
आणि त्यावर सात वर्षांच्या नोएलियाची गाय.
पाय पाच.
"हा पाचवा?"
"शेपूट आहे ते," ती म्हणाली.
"जागा चुकली."
"म्हणजे तेव्हापासूनच," मी म्हणालो,
आणि ती इतकी हसली की
आल्सिदेसनं तिला दोन लिंबं फुकट दिली.
मला तेवीस वर्षांत एकही नाही.

तीन रविवार गेले. परवा अ‍ॅपला अपडेट आलं.
मी थांब्यावर, हातमोजा दातात धरून,
फोन उघडून पाहतो तर
बटण मधोमध. निळं. ठसठशीत.
अंगठा मात्र आपला
सवयीनं डाव्या कोपऱ्यातच गेला.
दोनदा. बस निघून गेली.

तिथंही बरं नाहीये ते.
येऊ दे रविवारी.
सांगतो तिला.
मोठ्यानं.