तीन पाय

फोनवरची मुलगी विचारते, प्राण्याचं नाव?
गॅफर.
जात? मिश्र.
वजन? दोन किलो, जेवणाआधी.
जन्मतारीख?
मी खिडकीबाहेर बघते. ग्रिम्सबीचा फेब्रुवारी,
दोरीवरचे टॉवेल पत्र्यासारखे ताठ.
तारीख नाही माहीत, पोरी.
पेट्रोल पंपामागे केळ्यांच्या खोक्यात सापडला तो,
खोक्यावर फक्त केळ्यांची तारीख होती.

आधीपासूनचा काही आजार?
आजार नाही. मागचा डावा पाय नाही.
पलीकडे टकटक, मग शांतता, मग
जरा चाचरत : तो पाय कव्हर होणार नाही.

बरोबर आहे, मी म्हणते.
नसलेल्या पायाचं आता आणखी काय व्हायचंय.

महिन्याला चौदा पौंड.
शिवाय दर खेपेला पहिले पंच्याण्णव आमचे.
पाच वर्षांपुढचा असला तर वरच्यातलाही पाचवा हिस्सा आमचा.
(पाच वर्षांपुढचा आहे का? केळ्यांना विचारा.)
आणि दात वगळून.

दात वगळून!
मग उरला कोण?
ससा म्हणजे दात आणि पोट
आणि दोन्हींच्या मधे गच्च भरलेली भीती.
जन्मभर वाढत राहतात ते दात, विजेच्या बिलासारखे,
गवत चावून चावून झिजवायचे
नाहीतर एक दिवस तेच गालात घुसतात.

टेबलाच्या त्या टोकाला हेडली
रेडिओ उघडून बसलाय. बशीत स्क्रू.
वर न बघता म्हणतो, नको.
का नको, ते नाही.
पस्तीस वर्षं झाली लग्नाला,
या माणसाने धरलेल्या सशाला कायम तीनच पाय.
आणि आता घरात आलाय तो हा असा,
की वाद घालायलासुद्धा जागा ठेवलेली नाही.

नोव्हेंबरात गॅफरचं पोट बंद पडलं होतं.
ससा दुखणं दाखवत नाही,
अंगाखाली घेऊन बसतो, कोंबडी अंड्यावर बसते तसा.
लेंड्या थांबल्या तेव्हा आम्हाला कळलं.
रविवारची रात्र, रात्रपाळीची डॉक्टर,
तीनशे ऐंशी पौंड.
मी फिश फॅक्टरीत महिनाभर जादा पाळ्या केल्या त्यापायी,
अजून बोटांना हॅडॉकचा वास येतो असं गॅफरला वाटतं,
हुंगून मान फिरवतो.
त्या रात्री हेडलीने नोटा मोजल्या, अंगठा ओला करकरून,
आणि परतताना सबंध रस्ता
मांडीवरच्या पिंजऱ्याशी काहीतरी पुटपुटत राहिला.
माझ्याशी चकार शब्द नाही.

त्याचा बाप उत्तरेच्या समुद्रात गेला.
हेडली तेव्हा सात वर्षांचा.
बोटीचा विमा होता. जाळ्यांचा होता.
पुढच्या उन्हाळ्यात कंपनीची नवी बोट उभी राहिली धक्क्याला,
बापाचा पगार मात्र बोट बुडाली त्या दिवसापर्यंत,
दुपारपर्यंतचा, असं पत्रात लिहिलेलं.
हे त्याने मला एकदाच सांगितलं,
वॉशिंग मशीनखाली आडवा पडून,
नुसते पाय दिसत होते.
मी पान्हा पुढे केला. दुसरं काय करणार.

हॅलो? मॅडम, आहात ना लाइनवर?

आहे, आहे.
कपाटात चहाचा एक रिकामा डबा आहे, हेडलीचा तोडगा :
दर महिन्याला चौदा पौंड त्यात टाकायचे,
आपला विमा आपणच.
हिशेब चुकीचा नाही.
फक्त डिसेंबरात बॉयलरने डबा रिकामा केला
आणि सशाचं पोट काही
आपल्या डब्याला विचारून बंद पडत नाही.

गॅफर फ्रिजमागून निघतो.
टप टप, मग एक घसरट, मग टप.
हेडलीच्या बुटापाशी येऊन आडवा होतो,
लेसची एक टोकाची गाठ चावत.

पुढे जाऊ या का, मॅडम?
मी रिसीव्हरवर हात ठेवते.
हेडली एक स्क्रू उजेडात धरून बघतो,
खूप वेळ बघतो, बशीत टाकतो.

दातांचं विचार, म्हणतो.
जादा भरून होतं का, विचार.