डावं मूत्रपिंड : गहाळ

सूर.
गाण्यातला नव्हे, ओमानातला.
समुद्राकाठी गलबतं बांधणाऱ्यांचं गाव,
तिथल्या इंडियन स्कूलच्या तळमजल्यावर
मी प्रयोगशाळेचा परिचर. तेवीस वर्षं.

माझ्या हाताखाली एक माणूस आहे.
कमरेपासून वर, हात नाहीत.
रजिस्टरात नोंद :
मानवी धड, प्लास्टिक, उघडणारे, एक नग. सुटे भाग सोळा.
पेटी आली तेव्हा कस्टमवाल्यानं झाकण उचललं
आणि दोन पावलं मागे सरला.
मग स्वतःशीच हसून शिक्का मारला.

मला तो अंधारातही जोडता येतो.
आधी मूत्रपिंडं,
मग आतडी, शिडाच्या ओल्या दोरासारखी एकच वळकटी,
जठर, त्यावर कलतं यकृत,
फुप्फुसांच्या मधे हृदय. त्याचा खिळा ढिला,
म्हणून कागदाची पाचर.
शेवटी छातीचं झाकण. टक.
टक झालं नाही
तर आत काहीतरी उलटं बसलंय समजायचं.

आठवी बचा तास होता, ब्लेसी मिसचा.
परत ठेवताना मोजले तर पंधरा.
दप्तरं झाडली, बाकांखाली वाकलो,
मोरीच्या जाळीत पट्टी घालून पाहिली.
एका पोरानं मान खाली घातलेली,
पण तो ती रोजच घालायचा.
सुटं मिळत नाही, कंपनी म्हणाली,
अख्खा माणूस घ्यावा लागेल.

त्याला नऊ वर्षं झाली.
उन्हाळ्यात शाळेची वीज बंद, प्लास्टिक मऊ पडतं,
म्हणून सुट्टीत मी त्याला घरी नेतो,
शेजारच्या सीटवर, पट्टा लावून.
एकदा अल अयजाच्या वळणावर पोलिसानं काच खाली करायला लावली,
बराच वेळ आत बघत राहिला,
म्हणाला, याला पाणी तरी पाज.

या जुलैत दाभोळहून सुगराचा फोन.
"भाई, मकबूलचं कुणाशीच जुळत नाय. माझं जुळलं."
पोलक्याला कापड जुळावं तसं सांगितलं.
कोल्हापूरची तारीख मिळालेली.
माझा पासपोर्ट नूतनीकरणाला गेलेला,
येईल येईल म्हणत आला नाही.

आदल्या रात्री व्हिडिओवर दिसली, दवाखान्याच्या पलंगावर,
बांगड्या काढून ठेवलेल्या.
"तेवढी जागा रिकामी ऱ्हायल ना रे?
आतलं सगळं सरकेल काय?
तुझं तर तेच काम, तुला ठावं असेल."
तेवीस वर्षांत
शरीराबद्दल मला कुणी पहिल्यांदा विचारलं.

मी त्याला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला,
फोन पाण्याच्या बाटलीला टेकवला,
एकेक काढत तळाशी पोचलो.
हे उजवं. आणि हे इथे, बघ.
एक खळगा,
पावसाळ्यात अंगणात म्हशीचं पाऊल उमटतं तसा.
"नऊ वर्षं असाच आहे," मी म्हटलं, "सरळ बसतो. कलंडत नाही."

ती फोनच्या इतकी जवळ आली
की पडदाभर नुसतं कपाळ.
"दुसरं कुणाला दिलं यानं?"

मला रजिस्टर आठवलं, त्यातलं माझंच अक्षर.
म्हटलं, "आठवीतल्या एका पोराला."

"असेल गरज त्याला," सुगरा म्हणाली.

मग इकडचं तिकडचं. मकबूल झोपलाय,
नर्स कराडची आहे, चांगली आहे,
तिथे पाऊस, इथे वारा, तोंडात वाळू येते.
बोलता बोलता मी भाग लावत होतो,
आतडी, जठर, यकृत, पाचर.
टक.
"काय वाजलं?"
"काही नाही. बसलं."

फोन ठेवला आणि बघतो
तर उजवं माझ्या डाव्या मुठीतच,
घामानं निसरडं झालेलं.

त्याच्याशिवायही झाकण लागलं होतं.

इथले साडेआठ म्हणजे तिथले दहा.
दहाला तिला आत घेणार होते.
मी सातपासून टेबलापाशी.
झाकण काढलं, सगळं पुन्हा बाहेर मांडलं.
आधी मूत्रपिंड.